मे अखेरीस आईला समुद्र दाखवायचाय, पण वादळाचं काय करायचं?

आखाजीची_लेक | ५ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून आठवडाभर बोलणं चाललंय.

आई ७३ वर्षांची आहे. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचं गाव. पंढरपूर झालं, शेगाव झालं, सप्तशृंगीला तर दरवर्षी जाते. समुद्र मात्र तिने अजून पाहिलेला नाही. बाबा होते तेव्हा दर वर्षी म्हणायचे, "यंदा केळी निघाली की जाऊ." केळी निघायची, आणि पैसा कधी विहिरीत जायचा, कधी मोटारीत, एकदा माझ्या लग्नात. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. परवा टीव्हीवर समुद्र दिसला, तेव्हा आई सहज बोलून गेली, "हे राहूनच गेलं." तेव्हापासून मला चैन नाही.

भाऊ-वहिनी पुण्याला, मी जळगावला. सगळे मिळून ९ जण, त्यात ४ मुलं. वहिनीला रजा २४ ते २९ मे याच दिवसांत मिळतेय. तारकर्ली किंवा दिवेआगर असा विचार आहे. भाऊ म्हणतो, आजच बुकिंग करून टाक, मेमध्ये खोल्या मिळत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तौक्ते चक्रीवादळ येतं. ते मेमध्येच आलं होतं, आणि निसर्ग जूनच्या पहिल्या आठवड्यात. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. ऐनवेळी पळापळ करायची वेळ आली तर ती कशी धावेल?

जावं का? की दिवाळीच्या सुट्टीत ढकलावं? कोणी अशा दिवसांत किनाऱ्यावर अडकलंय का? मोकळेपणाने लिहा.

---

भरीतप्रेमी | ५ मार्च, रात्री १०.०५

मे अखेरीस भुसावळला पारा ४५ वर असतो ताई. त्या दिवसांत आम्ही माठाशेजारीसुद्धा सुट्टी घालवायला तयार असतो! आईंना न्याच एवढं नक्की सांगतो, तारखांचं जाणकार सांगतील.

---

केळीबाग_रावेर | ५ मार्च, रात्री १०.५०

ताई, तुमचे बाबा जे म्हणायचे तेच माझे वडील म्हणायचे, आणि आता मी म्हणतो. वाचून पोटात कालवलं.

मी समुद्रावरचा माणूस नाही, पण मे-जूनचं वारं मला कळतं. घड लागलेली केळ वाऱ्यापुढे तग धरत नाही. खोड पोकळ, वर घडाचं ओझं, एक झोत आला की रांगच्या रांग आडवी. म्हणून आमच्या फळपीक विम्यात वेगाच्या वाऱ्याचं संरक्षण वेगळं असतं. निसर्ग आलं तेव्हा लोकांना वाटलं ते कोकणाचं वादळ. पण श्रीवर्धनकडे जमिनीवर चढल्यावर ते उत्तर महाराष्ट्रावरूनच विदर्भाकडे गेलं. कमकुवत झालं होतं, तरी ती रात्र मी बांधावर बसून काढली.

सांगायचं हे की मे अखेर ते जूनचा मध्य या दिवसांत मी घर सोडत नाही. समुद्रापासून चारशे किलोमीटरवर राहून ही गत, तर किनाऱ्यावर काय असेल? माझं मत: थंडीत जा.

---

कोथरूडचा_धुळेकर | ६ मार्च, सकाळी ८.१५

मी थोडा वेगळा बोलतो, राग मानू नका. मी दोनदा मे अखेरीस कोकणात गेलोय. आंबे, फणस, जांभळं, करवंदं, काय नव्हतं! पाऊस एकदा सरीवर आला तेवढाच. अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखादं वादळ होतं, बंगालच्या उपसागरात त्याच्या कितीतरी पट. त्यातलीही बरीच ओमान-येमेनकडे निघून जातात. २०१८ च्या मेमध्ये मेकुनू आलं ते ओमानमधल्या सलालाकडे गेलं. वर्षाला एका वादळाच्या भीतीने अख्खा मे सोडायचा, तर त्या किनाऱ्यावरच्या घरांनी खायचं काय? त्यांचा हंगाम म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे.

बुकिंग करा, हवामानावर नजर ठेवा, बिघडलं तर परत फिरा. एवढंच.

---

देवबागचो_वारो | ६ मार्च, दुपारी १.३०

मी मूळचा मालवण तालुक्यातला, नोकरीमुळे अकरा वर्षं जळगावात. वर धुळेकर म्हणतात ते अर्धं खरं आहे. वादळ तुमच्या गावावर येऊन आदळायची शक्यता खरंच कमी. पण वादळ दूर असलं तरी समुद्र जवळच असतो, आणि बाहेरगावच्या माणसांना हेच कळत नाही.

क्यार वादळाचंच बघा. २०१९ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतर झालेलं पहिलं सुपर सायक्लोन, आणि गेलं ओमानच्या दिशेने. कोकणात जमिनीवर आलंच नाही. तरी त्या दिवसांत आमच्याकडे पाणी कुठपर्यंत वर आलं! गुजरात-कर्नाटकाकडच्या होड्या देवगड बंदरात आसऱ्याला उभ्या. पर्यटक किनाऱ्यावर उभे राहून म्हणत होते, "पाऊस तर थांबलाय, मग पाण्यात का जाऊ देत नाही?" लाटेला पाऊस लागत नाही हो. तीनशे-चारशे किलोमीटरवर उठलेली लाट ऊन पडलेलं असतानाही येते आणि परत जाताना पाय ओढून नेते.

त्यात ती दिवाळी म्हणजे अमावास्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी जोराची. वादळ आणि उधाण एकत्र आलं की पाणी नेहमीच्या रेघेच्या खूप आत येतं. म्हणून ताई, दिवाळीत ढकललं की झालं, असं समजू नका. आपल्या समुद्रात वादळांचे दोन हंगाम: एक पावसाच्या आधी, एप्रिल ते जून, आणि दुसरा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. फयान २००९ च्या ११ नोव्हेंबरला आलं. कोकणातल्या कितीतरी होड्या त्या दिवशी परतल्या नाहीत. आमच्या वाडीत आजही फयानच्या आधी आणि फयाननंतर असं बोलतात. ओखी तर डिसेंबरात आलं, २०१७ ला.

दुसरं, तुमच्या तारखांबद्दल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या प्रवासी होड्या साधारण २५-२६ मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद होतात. पाण्यातले खेळही त्याच सुमारास आटपतात. वादळ येवो न येवो, तुम्ही २४ ला आलात तर किल्ला बहुतेक काठावरूनच बघाल. बुकिंग घेणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

माझी आजी म्हणायची, "दर्याक पाठ दाखवू नुको." समुद्रात जायचं तर तोंड समुद्राकडे, बाहेर यायचं तरी तोंड समुद्राकडे.

---

आखाजीची_लेक | ६ मार्च, दुपारी ३.२०

वारो दादा, होड्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. भाच्याने शाळेच्या वहीवर सिंधुदुर्ग किल्ल्याचं चित्र काढून ठेवलंय, तो त्यासाठीच येतोय. आता त्याला काय सांगू?

आणि बावटा म्हणजे नक्की काय? बातम्यांत "तीन नंबरचा बावटा" असं ऐकते.

---

देवबागचो_वारो | ६ मार्च, दुपारी ३.४५

बंदरावर लावायची खूण. १ ते ११ पर्यंत चढत जाते. जेवढा आकडा मोठा तेवढा धोका जवळ. तीन नंबर म्हणजे बंदरालाच खराब हवेचा धोका, होड्यांनी बाहेर पडू नये. तीन लागला की आमच्याकडे कोणी होडी सोडत नाही. पर्यटकाने एवढंच लक्षात ठेवावं: कोळी ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी आपण घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही.

---

पारोळ्याची_श्रीवर्धनला | ६ मार्च, रात्री ११.१०

माहेर पारोळा, सासर श्रीवर्धन तालुक्यात. आमची पोफळीची, म्हणजे सुपारीची वाडी आणि चार खोल्यांचं घरगुती निवासस्थान आहे. हा धागा वाचला आणि लिहिल्याशिवाय झोप येणार नाही असं वाटलं.

३ जून २०२०. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती. टाळेबंदीमुळे पाहुणे कोणीच नव्हते, त्याबद्दल आजही देवाचे आभार मानते. आदल्या दिवशी गाडी फिरवून सांगून गेले होते की कच्च्या घरातल्यांनी शाळेत जावं. आमचं घर पक्कं म्हणून शेजारच्या दोन घरांतली माणसं आमच्याकडे आली. सकाळी वारा सुरू झाला तेव्हा सासरे म्हणाले, नेहमीचा आहे. दुपारी तो नेहमीचा राहिला नाही. हवामान खात्याने नंतर सांगितलं की वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आम्हाला फक्त आवाज कळत होता. कौलं उडत होती, आणि वाडीतून एकामागून एक कडाड, कडाड. प्रत्येक आवाज म्हणजे एक पोफळ. सासरे आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते आणि मोजत होते. पुढे मोजायचे थांबले.

पोफळ लावल्यावर फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. नारळालाही तसंच. दिवेआगरचं सुरूचं बन ज्यांनी आधी पाहिलंय त्यांना विचारा, नंतर काय उरलं. वीज कित्येक गावांत महिनाभर नव्हती. फोन नाही, एटीएम नाही. रस्त्यावर झाडं पडलेली, म्हणून गाडी असूनही उपयोग नव्हता. पारोळ्याला माझी आई चार दिवस फोन लावत होती. पाचव्या दिवशी एक मुलगा मोटारसायकलवरून म्हसळ्याकडे गेला, त्याच्या हाती निरोप दिला.

हे घाबरवायला लिहीत नाही. मी पाहुण्यांवरच जगते. धुळेकर दादांचं म्हणणं मला पटतं, वादळाच्या नुसत्या नावाने सगळं रद्द झालं की आमचा महिना जातो. दूर ओमानला वादळ असतं आणि फोन येतात, "पैसे परत करा." पण ७३ वर्षांच्या गुडघेदुखीच्या आईंना घेऊन मेच्या शेवटच्या आठवड्यात या, असं मी स्वतः सांगणार नाही. माझ्या घरी तेव्हा खोली रिकामी असली तरी सांगणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत या. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा असतो. सकाळी डोंगराकडून गार मतलई वारा येतो, दुपारी खारा वारा उलटतो. आईंना पाण्याच्या कडेला खुर्ची टाकून बसवता येईल.

---

भरीतप्रेमी | ७ मार्च, सकाळी ७.३०

श्रीवर्धनच्या ताई, काल रात्री वाचलं आणि काही लिहिता आलं नाही. तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

---

केळीबाग_रावेर | ७ मार्च, सकाळी ७.५०

"मोजायचे थांबले." मला माहीत आहे ते. आडव्या झालेल्या बागेत मीही मोजायला लागतो आणि थांबतो. नवीन पोफळी लावल्या का?

---

पारोळ्याची_श्रीवर्धनला | ७ मार्च, सकाळी ८.२०

लावल्या. पहिल्या लावलेल्यांना आता फळ धरायला लागलंय. सासरे ८१ चे आहेत, रोज संध्याकाळी वाडीत फेरी मारतात.

---

अमळनेर_ते_टॅम्पा | ७ मार्च, सकाळी ९.४५

मी अमळनेरचा, सध्या फ्लोरिडात. इथे या विषयावर दरवर्षी चर्चा होते म्हणून थोडं लिहितो. अटलांटिकचा हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, सगळ्यात जास्त जोर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. आपल्याकडे मधल्या पावसाळ्यात वादळं कमी होतात आणि दोन टोकांना जास्त. इथे मध्येच शिखर.

२०२२ च्या सप्टेंबरात आई-बाबा आले होते. त्यांना समुद्र दाखवायचा म्हणून टॅम्पाच्या जवळच किनाऱ्यावर चार दिवसांची खोली घेतली होती. इयान येतंय कळलं. सुरुवातीला अंदाजाची मधली रेघ आमच्याच अंगावर होती. आम्ही खोली रद्द केली, खिडक्यांना फळ्या मारल्या. मग रेघ खाली सरकली. शेवटी २८ सप्टेंबरला वादळ दक्षिणेला कायो कोस्टा बेटावर आलं आणि फोर्ट मायर्सचा किनारा धुऊन नेला. तिकडच्या अनेकांनी आदल्या दिवसांत रेघ टॅम्पावर पाहून निःश्वास सोडला होता.

तेव्हा मी शिकलो ते हे: अंदाजाच्या नकाशावर त्या रेघेभोवती जो शंकू काढतात, तो म्हणजे वादळाची रुंदी नव्हे. केंद्र कुठे जाऊ शकेल याचा तो अंदाज असतो, आणि तोही साधारण तीनपैकी दोन वेळा खरा ठरेल इतकाच. तुम्ही शंकूच्या कडेवर आहात किंवा जरा बाहेर आहात म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

आणि विमा. इथला अनुभव असा की वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला प्रवासविमा त्या वादळासाठी चालत नाही. घ्यायचा तर बुकिंगच्याच वेळी घ्या आणि अटी वाचून घ्या.

आई-बाबांना शेवटी नोव्हेंबरात समुद्र दाखवला. बाबा म्हणाले, "अमळनेरच्या बोरी नदीला एवढं पाणी पाहिजे होतं."

---

शेवभाजी_शिंदखेडा | ७ मार्च, सकाळी १०.३०

विषय निघालाच आहे तर विचारतो, ही नावं कोण ठेवतं? तौक्ते म्हणजे काय? आमच्या सरांनी वर्गात "ताउक्ताई" म्हटलं तर पोरं ताईला हसायला लागली.

---

भूगोलवाल्या_बाई | ७ मार्च, दुपारी १२.१५

शेवभाजी, उत्तर हिंद महासागराभोवतालचे १३ देश नावं देतात. २०२० मध्ये नवी यादी आली, प्रत्येक देशाची १३ नावं, एकूण १६९. क्रमाने वापरतात. निसर्ग हे त्या यादीतलं पहिलं, बांगलादेशाने दिलेलं. तौक्ते म्यानमारचं, त्यांच्या भाषेत मोठ्याने ओरडणारी एक पाल. २०२३ च्या जूनमध्ये कच्छला गेलेलं बिपरजॉयसुद्धा बांगलादेशाचं, अर्थ संकट.

आता आखाजीच्या लेकीसाठी. मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवला. कॅलेंडर बघून वादळ टाळता येत नाही, पण त्याच्या पायऱ्या माहीत असल्या तर माणूस वेळेवर निघू शकतो. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असावं लागतं. आधी कमी दाबाचं क्षेत्र होतं. ते हळूहळू तीव्र होतं. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव मिळतं. म्हणजे वर्तमानपत्रात नाव वाचेपर्यंत दोन-तीन दिवस निघून गेलेले असतात. तुम्ही नावाची वाट बघू नका. "आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र" हे शब्द आले की तिथूनच मोजायला लागा.

हवामान खातं किनाऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने इशारे देतं: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानता, २४ तास आधी धोक्याचा इशारा. आईंना घेऊन असाल तर ७२ च्या टप्प्यालाच गाडी काढायची. ४८ ला तरुण माणसं निघतात. २४ ला रस्ते भरलेले असतात. फोनमध्ये हवामान खात्याचं "मौसम" आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या संस्थेचं "दामिनी" ही ॲप ठेवा. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर, समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दल १५५४ वर. व्हॉट्सॲपवर फिरणारे लाल-पिवळे व्हिडिओ बघू नका, त्यातले निम्मे भलत्याच वादळाचे असतात.

---

कोथरूडचा_धुळेकर | ७ मार्च, दुपारी २.००

श्रीवर्धनच्या ताईंचं वाचल्यावर मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. वय झालेल्या माणसांसोबत मे अखेर नको, हे पटलं. तरुण मंडळी असतील तर मी अजूनही जा म्हणेन, पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात.

पैशांचं मात्र आधी लिहून घ्या. आम्हाला एका ठिकाणी तोंडी सांगितलं होतं, "काळजी करू नका, परत देऊ." पावसामुळे गेलो नाही, तर अर्धे पैसे आजतागायत आले नाहीत.

---

पारोळ्याची_श्रीवर्धनला | ७ मार्च, दुपारी २.४०

लिहून घ्यावंच दादा. आम्ही पैसे परत देत नाही, पण तारीख वर्षभरात कधीही बदलून देतो, आणि ते पावतीवरच लिहितो. खात्याचा इशारा असेल तर पूर्ण परत. सगळ्यांकडे असं असतंच असं नाही, म्हणून विचारण्यात संकोच करू नका. आणि हो, चार दिवस पुरेल एवढी रोकड जवळ असू द्या. वीज गेली की फोनवरचे पैसे नुसते दिसतात, देता येत नाहीत.

---

नवापूरकर | ७ मार्च, संध्याकाळी ६.१०

सगळे कोकण कोकण करताय! अहो, खानदेशाचा समुद्र कोकणात आहे का? आमचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. जळगावहून सुरत रेल्वेने तीनशेच्या आसपास, तारकर्ली त्याच्या दुपटीहून जास्त. सुरतेहून डुमस पंधरा-सोळा किलोमीटर. गरमागरम टमाट्याची भजी खा, समुद्र बघा, रात्रीच्या गाडीने परत या. तिथलचा किनारा आहे, दमण आहे. हॉटेल नको, बुकिंग नको, पैसे अडकायला नकोत. हवा बिघडली तर घरूनच निघायचं नाही!

---

भरीतप्रेमी | ७ मार्च, संध्याकाळी ६.३०

नवापूरकर, डुमस काय समुद्र म्हणायचा? काळी वाळू आणि चिखल.

---

दोंडाईचा_जंक्शन | ७ मार्च, संध्याकाळी ७.०५

दमणबद्दल सावध करतो. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो. ओहोटीला समुद्र इतका दूर जातो की वाटतं मैदानच आहे. आम्ही सहा जण चालत चालत आत गेलो, खेकडे बघत. मागे वळून पाहिलं तर आमच्या आणि काठाच्या मध्ये पाणी. समोरून नाही, बाजूच्या खळग्यांतून मागे शिरलं होतं. छोट्या पुतणीला खांद्यावर घेऊन मांडीभर पाण्यातून बाहेर आलो. त्या दिवशी ना वादळ होतं ना पाऊस. भरतीची वेळ विचारल्याशिवाय तिकडे पाऊल टाकू नका.

---

नवापूरकर | ७ मार्च, संध्याकाळी ७.४०

दोंडाईचा बरोबर बोलतात. भरतीची वेळ बघून जायचं, आणि काठावरच राहायचं.

पण भरीतप्रेमी भाऊ, एक गोष्ट सांगतो. डुमसच्या वरच्या अंगाला, हजीराच्या आणि त्याच्या मध्ये, तापी समुद्राला मिळते. ताईंची आई तापीकाठची. चोपड्याजवळून वाहून गेलेलं पाणी उकाईच्या धरणातून उतरून तिथेच येतं. तुमच्या तारकर्लीला हे आहे का?

---

केळीबाग_रावेर | ७ मार्च, रात्री ८.१५

नवापूरकर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या बागांचं पाणीही तिथेच जात असणार.

---

आखाजीची_लेक | ८ मार्च, सकाळी ६.५०

रात्रभर विचार केला. सकाळी भावाला फोन करून सगळा धागा वाचून दाखवला. श्रीवर्धनच्या ताईंचं वाचताना तोही गप्प झाला.

मे अखेर रद्द. दिवाळीही नको. मोठी सहल जानेवारीत. वहिनी तेव्हा चार दिवस काढू शकते, मुलांची शाळा दोन दिवस बुडेल, बुडू दे. सिंधुदुर्गाच्या होड्याही तेव्हा चालू असतील, भाच्याला तसं कबूल केलंय.

पण जानेवारीपर्यंत थांबायला माझं मन तयार नाही. आई ७३ ची आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जातेच. त्याच्या पुढच्या रविवारी, हवा बरी असेल तर, तिला घेऊन सुरतेला जाईन. मी, भाऊ आणि आई, तिघंच. मुलांच्या परीक्षा असतील. बुकिंग फक्त रेल्वेचं.

---

देवबागचो_वारो | ८ मार्च, सकाळी ८.००

उत्तम. तिथीही चांगली येईल. आखाजी तृतीया, पुढचा रविवार दशमीच्या आसपास. उधाण नाही, भांगाच्या जवळची भरती. पाणी अंगावर धावून येणार नाही. तरी तोंड समुद्राकडेच!

---

आखाजीची_लेक | २७ एप्रिल, रात्री १०.३०

काल जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

आठ दिवस रोज सकाळी हवामान खात्याचं पत्रक बघत होते. अरबी समुद्रात काही नव्हतं. शनिवारी रात्री जळगावहून गाडी धरली. आई रात्रभर खिडकीशी जागी. पहाटे सुरत. स्टेशनवर चहा घेतला, रिक्षाने डुमसला गेलो. भरतीची वेळ आधी काढून ठेवली होती, त्यामुळे चिखल दिसला नाही, पाणी जवळ होतं. गर्दी व्हायच्या आत पोचलो.

आई लांबूनच थांबली. पदर डोक्यावरून पुढे ओढला, देवळात शिरताना ओढते तसा. मग हळूहळू चालत गेली. मी एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला. पाणी पावलांवर आलं तेव्हा दचकली, मग वाकून हात भिजवले आणि डोळ्यांना लावले. म्हणाली, "इतलं पानी! आन पेवाले नही?"

तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. नवापूरकरांनी सांगितलेलं मी तिला आधी सांगितलं नव्हतं. तिथे बसल्यावर सांगितलं, की आई, आपली तापी इथेच येते, त्या तिकडच्या अंगाला. ती बराच वेळ तिकडे बघत बसली. मग पिशवीतून काहीतरी काढलं. मला वाटलं पोळी-चटणी. तर कागदाच्या पुडीत बाबांच्या केळीच्या बागेतली मूठभर माती होती. कधी घेतली, कोणाला न सांगता, देव जाणे. पाण्यात सोडली आणि म्हणाली, "तू बी पाही ले."

भाऊ पाठ करून उभा राहिला. वारो दादा, त्या वेळी त्याने समुद्राला पाठ दाखवली, पण पाणी घोट्याइतकंच होतं.

भजी खाल्ली. परत येताना गाडीत आई झोपली, नवापूर कधी गेलं तिला कळलं नाही.

---

केळीबाग_रावेर | २७ एप्रिल, रात्री १०.५५

ताई. मी काही लिहू शकत नाही. उद्या सकाळी आईला फोन करतो, तिनेही पाहिलेला नाही.

---

नवापूरकर | २७ एप्रिल, रात्री ११.१०

पुढच्या वेळी नवापूरला उतरा, जेवून पुढे जा. सांगून ठेवतो.

---

पारोळ्याची_श्रीवर्धनला | २८ एप्रिल, सकाळी ७.१५

जानेवारीतले चार दिवस तुमच्या नावाने लिहून ठेवलेत. कोपऱ्यातली खोली, पायऱ्या नाहीत, आईंना बरं पडेल. किल्ल्यासाठी भाच्याला इथून जंजिरा दाखवू, सिंधुदुर्ग पुढच्या खेपेला. येताना पाच-सहा किलो भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ आणा. सासऱ्यांना पारोळ्याचं भरीत खाऊन सहा वर्षं झाली.